कोंडलेला आवा

पहिला ‘नाही’ पेरू देशातल्या कुठल्याशा डोंगरी गावातून आला. मी केंद्रात काचेच्या नळ्या धूत होते. पडद्यावर लाल ठिपका उमटला तसा मी हातातला ब्रश टाकला आणि एकटीच टाळ्या पिटल्या. दुसरा ‘नाही’ चार दिवसांनी केनियातून आला. त्या दिवशी मी राजापूरच्या बाजारातून पावशेर खाजं घरी नेलं. आबांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं, “कसला गो ह्या?” मी म्हटलं, “असंच. खा.” तिसरा व्हिएतनाममधून आला, तेव्हा मात्र मी केंद्राचं दार आतून लावून घेतलं आणि पोट धरून हसले.

लाज? मुळीच वाटली नाही. डॉक्टर उदयन कारखानीस नावाच्या माणसाचा दावा बुडत होता, आणि तो बुडताना बघायला मी नऊ वर्षं थांबले होते.

दावा म्हणजे काय आणि हे ठिपके कसले, ते आधी सांगते. मधल्या काळात विज्ञानाचा पार बाजार उठला होता. यंत्रं तासाला हजार शोधनिबंध लिहीत होती, नियतकालिकं ते डोळे मिटून छापत होती, आणि कुठलं औषध खरं, कुठलं बियाणं खोटं, कुणाला कळेना. मोठ्या देशांच्या मोठ्या संस्था शिक्के मारायच्या, पण तो शिक्का कुणाच्या सांगण्यावरून बसलाय हे शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं. तेव्हा जगभरातल्या लहान लहान प्रयोगशाळांनी मिळून एक जाळं विणलं. कॉलेजांतल्या, दवाखान्यांतल्या, साखर कारखान्यांतल्या प्रयोगशाळा. आपल्याकडे त्याला सप्तसाक्ष म्हणतात. नियम साधा. ज्याला वाटतं आपण काही शोधलं, त्याने कृती लिहून जाळ्यात टाकायची. चिठ्ठ्या टाकून जगातली कुठलीही सात केंद्रं निवडली जातात. त्यांनी ती कृती, लिहिली आहे तश्शी, पहिल्यापासून करून बघायची. चार ‘होय’ आले की दावा पक्का. चार ‘नाही’ आले की दावा मेला, आणि वर्षभर त्या विषयाला कुणीही हात लावायचा नाही.

प्रत्येक केंद्रात एक साक्षपेटी असते, शिवणयंत्राएवढी. मोजमाप तीच करते आणि आलेल्या आकड्यावर स्वतःची गुप्त सही करते. पेटी उघडायला गेलात तर ती सही कायमची मरते. सही झालेला आकडा त्याच क्षणी चाळीस हजार केंद्रांत उतरतो, आणि नवा आकडा आधीच्या सगळ्या आकड्यांना गाठ मारून बसतो. एक बदलायचा तर चाळीस हजार ठिकाणच्या गाठी एकाच वेळी सोडवाव्या लागतील. म्हणून तिथलं काही पुसता येत नाही. मंत्र्याला नाही आणि मलाही नाही.

आधी सगळे हसले. मग विमा कंपन्या म्हणाल्या, सप्तसाक्षात पक्कं नसेल त्याला विमा नाही. मग सरकारांनी आपले करार जाळ्याला जोडले: पक्कं झालं की परवाना आपोआप मिळतो, बुडालं की आपोआप जातो. दिल्लीला फोन करा, वॉशिंग्टनला करा, बीजिंगला करा, उत्तर एकच, आमच्या हातात नाही. ज्यांच्या मुठीत जग होतं त्यांच्या मुठी रिकाम्या झाल्या, आणि राजापूरच्या बाजारपेठेमागे दोन खोल्यांत बसणाऱ्या दर्शना गुडेकरच्या, म्हणजे माझ्या, हातात त्याचा चाळीस हजारावा तुकडा आला.

कारखानीसांचा दावा खताचा होता. हवेत नत्र खच्चून भरलंय, पण त्याचे अणू जोडीजोडीने एकमेकांना असे धरून बसलेत की त्यांना सोडवायला भयंकर आच आणि दाब लागतो. म्हणून खताचे कारखाने अवाढव्य, म्हणून त्यांना गॅस लागतो, म्हणून गॅसवाल्या देशांनी नळ पिळला की निम्मं जग त्यांच्या पाया पडतं. त्या वर्षी त्यांनी नळ पिळलाच होता. कारखानीसांनी लिहिलं होतं: कोकण किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूची भाजलेली पातळ पाटी घ्या, तिच्यावर पाणी सोडा, उन्हात ठेवा. पाटी हवेतलं नत्र ओढते आणि खत करते. प्रत्येक गावाचं खत गावात. अख्खं जग त्या सात ठिपक्यांकडे डोळे लावून बसलं होतं.

पाटी खरी होती. मला माहीत नसणार तर कुणाला? ती मी केली होती.

मी तेव्हा पुण्यातल्या एका बड्या संस्थेत कारखानीसांची विद्यार्थिनी होते. तिथली विजेची भट्टी सहा महिने बिघडली होती, दुरुस्तीची फाईल वरच्या मजल्यावर झोपली होती. मी वैतागून पाट्या पिशवीत घातल्या आणि गावी नेल्या. आबा कुंभार. दत्ताराम गुडेकरांचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, आमच्या अख्ख्या पट्ट्यात नावाजलेला. त्यांनी पाट्या मडक्यांच्या मध्ये रचल्या, वर भाताचं तूस आणि पेंढा, वर चिखलाचा लेप. आच हवी तेवढी चढली की आबा ओल्या मातीने आव्याची तोंडं बुजवतात आणि आतला धूर आतच कोंडतात. काळी मडकी अशीच होतात. त्या कोंडलेल्या धुरातला कोळसा पाटीतला थोडा प्राणवायू ओढून घेतो, पाटीत बारीक बारीक रिकाम्या जागा पडतात, आणि हवेतलं नत्र त्या जागांवर येऊन बसतं. बसलं की ऊन त्याची जोडी फोडतं. एवढंच आहे ते. पण एवढंच कुठल्याही स्वच्छ, चकचकीत भट्टीत होत नाही.

पाट्या चालल्या. कारखानीस आठवडाभर खूश होते. मग त्यांच्या लक्षात आलं की निबंधावर पहिलं नाव माझं जाणार. महिन्याभरात चौकशी बसली. नमुने परवानगीशिवाय बाहेर नेले, एका गावठी भट्टीत नासवले, आकडे रचले. आबांना साक्षीला पुण्याला बोलावलं. दाराजवळ उभं केलं, खुर्चीसुद्धा दिली नाही. कारखानीसांनी विचारलं, “तुमच्या भट्टीचं तापमान किती असतं?” आबा म्हणाले, “रंग बघून कळतां, सायेब.” चौकशीला बसलेले पाचही जण हसले. मग कारखानीसांनी सहीनिशी लेखी जबाब दिला, की त्या भट्टीतून निघालेल्या कुठल्याही पाटीत काही दम नाही, हे मी स्वतः तपासलं आहे.

मला काढलं. परतीच्या गाडीत आबा म्हणाले, “माझ्या आव्यामुळं झालां गो तुझा.” मेल्यांनो, माझी पदवी गेली ती गेली. पण माझ्या बापाला स्वतःच्या आव्याची लाज वाटायला लावलीत. ते मी विसरणार नव्हते.

दोन वर्षांनी कारखानीसांनी माझ्या कपाटात राहिलेल्या बेचाळीस पाट्या बाहेर काढल्या आणि आपल्या नावाने शोध जाहीर केला. पदकं, हारतुरे, मुलाखती. कृतीत काय लिहिलं? ‘विजेच्या भट्टीत, शुद्ध वायूत भाजाव्यात.’ दुसरं लिहिणार काय? आवा फुकट आहे असं सही करून बसले होते ना! बेचाळीस पाट्यांवर सात वर्षं प्रदर्शनं केली. पण सप्तसाक्षात तयार पाट्या चालत नाहीत, पहिल्यापासून कराव्या लागतात. आणि सरकार काही पक्क्या शिक्क्याशिवाय हलेना.

तिसऱ्या ‘नाही’नंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, कारखानीस नाक मुठीत धरून माझ्या केंद्रात आले.

केस पांढरे झाले होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. एकटेच, बरोबर एक शिपाईही नाही. हाताखालच्या माणसांना काय सांगून येणार होते?

“दर्शना,” ते म्हणाले, “बसू का?”

“बसा की. आमच्याकडे खुर्ची देतात.”

ते बसले. मी चहा विचारला नाही.

“आवा किती तास लावता? तोंडं कधी बंद करता? मी सगळं करून पाहिलं. तूस आणलं, धूर सोडला. नाही होत. पोर्तुगालचा निकाल आठ दिवसांत आहे. तो ‘नाही’ आला की संपलं.”

“संपू दे की.”

“मी संपेन, ते ठीक आहे. वर्षभर विषयाला कुलूप लागेल, दर्शना. गोदामं रिकामी आहेत. पुढच्या हंगामाला अर्ध्या आफ्रिकेत खत नाही. तुला हे कळतं.”

कळत होतंच. त्यामुळेच तर अंगाचा तिळपापड झाला. ह्या माणसाला माझ्या दारात आफ्रिका आठवते! पण खोटं नव्हतं ते. मी नुसती हात बांधून बसले असते तरी कारखानीस मेले असते, आणि त्यांच्याबरोबर बरीच माणसं उपाशी मेली असती. तेवढं मला नको होतं. मला फक्त हा एक माणूस हवा होता.

मी म्हटलं, “दुरुस्ती टाका. नियमात आहे, मग सातही केंद्रं पुन्हा पहिल्यापासून करतात. पण तुम्ही स्वतःच्या हाताने आवा लावायचा, पेटीसमोर. आबा सांगतील तसं. आणि दुरुस्तीच्या अर्जात ‘आधी का सांगितलं नाही’ असं एक कलम आहे, तिथे मी सांगते ते वाक्य लिहायचं.”

“काय?”

“चौकशीत मी सहीनिशी खोटं सांगितलं. आवा खरा होता. दत्ताराम गुडेकर खरे होते.”

“तुझं बरोबर आहे,” ते म्हणाले. “एवढं तर मी तुझं देणं लागतोच. ह्याने दाव्याला काही धोका नाही ना? तू इथे सहा वर्षं आहेस, तुला नियम पाठ असतील.”

“दाव्याला काही होत नाही, सर. दावा जगतो.”

एक अक्षर खोटं बोलले नाही मी. कलम एकोणीस मला तोंडपाठ होतं: दावेदाराने पूर्वी सहीनिशी खोटं सांगितल्याचं स्वतः कबूल केलं आणि दावा पक्का झाला, तर दावा जगतो, सही मरते. त्या सहीवर जे जे उभं आहे ते ते जाळं आपोआप बंद करतं आणि पुन्हा तपासणीला टाकतं. सुनावणी नाही, कारण ऐकायला कुणी बसलेलंच नाही. दाद मागायची तर दार कुठलं ठोठावणार? कारखानीसांनी नियम कधी वाचले नव्हते. वाचायला माणसं ठेवली होती, आणि लाजेखातर ती पुण्यात सोडून आले होते.

आबांना मी फक्त एवढंच सांगितलं, की कारखानीस माफी मागायला आलेत आणि आवा शिकायचा म्हणतात.

आबा सत्त्याहत्तर वर्षांचे. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी कारखानीसांना खालपासून वर न्याहाळलं आणि म्हणाले, “बूट काढ, डाक्टर. चिखल तुडवायचा हाय.”

आणि तुडवला की त्यांनी! देशाच्या चार समित्यांवरचा माणूस गुडघाभर चिखलात उभा. मी साक्षपेटी फणसाखाली मांडून बसले होते आणि डोळे भरून बघत होते. आबा त्यांना सोडत नव्हते. “तसा नाय, टाच लाव टाच! पेंढा पसर सारखा, गुरांपुढं टाकतंस काय? तूस मुठीनं टाक, फावड्यानं नको.” कारखानीस हो हो म्हणत होते. एकदा तापलेल्या खापराला हात लागला, चटका बसला. आबांनी लगबगीने कोरफडीचं पान सोलून लावलं. मला तेही आवडलं नाही.

आवा पेटवायच्या आधी आमच्याकडे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. आबा हात जोडून उभे राहिले, शेजारी कारखानीस, मागे मी आणि माझा चुलतभाऊ राजाराम.

“बा देवा म्हाराजा, हयच्या जागेवाल्या म्हाराजा!” आबांचा आवाज खणखणीत लागला. “आज ह्यो परगावचा डाक्टर तुझ्या पायाशी हात जोडून उभा हाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हटलं.

“त्याच्या हातून काय चुकला-माकला असल तां पोटात घाल, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि कुणी त्याचा वाकडा चिंतला असल, कुणी त्याच्या वाटेत काटा टाकला असल, तर तो काटा दूर कर, म्हाराजा!”

राजाराम म्हणाला, “व्हय म्हाराजा!” माझं तोंड उघडेना. आबांनी मान वळवून बघितलं. गाऱ्हाण्याला होकार न देणं म्हणजे अपशकून, आव्याला तडा जातो म्हणतात. आबांना काही कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरीचा जुना राग अडवतोय.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

उन्हं कलली तेव्हा आबांनी कारखानीसांना आव्याच्या भोकाशी बसवलं. “आत बघ. आता कसला दिसतां?”

“लाल.”

“लाल म्हंजे? जास्वंदीसारखा की पिकल्या रामफळासारखा?”

“रामफळासारखा.”

“मग थांब. पिवळा शिरकाव करील, तेव्हा बुजवायचा. आधी बुजवलंस तर कच्चा, मागाहून बुजवलंस तर फुकट.” थोड्या वेळाने आबाच ओरडले, “हां! आता!” आणि दोघं म्हातारे ओली माती घेऊन धावले. तेवढी चारपाच मिनिटं पकडायची होती. ती कारखानीसांनी नऊ वर्षं हुकवली होती.

मग दोघं फणसाखाली भाकरी आणि सुकटीची चटणी खायला बसले. कारखानीस म्हणाले, “गुडेकर, मी त्या दिवशी तुम्हाला हसलो. तुमचं बरोबर होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी घाबरलो होतो. पोरगी पुढे जाईल आणि मी मागे राहीन म्हणून घाबरलो होतो.” त्यांचे डोळे भरून आले. आबा घास गिळून म्हणाले, “खा. खाताना रडू नये.” आणि स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी त्यांच्या ताटात टाकली.

मी तिथून उठले. हा माणूस माझ्या बापाच्या पानात जेवतो! मला वाटलं होतं, आबांना त्याची मान खाली गेलेली बघून गार वाटेल. आबांनी तर त्याची मान वर उचलली. मग माझ्या नऊ वर्षांचं काय?

दोन दिवसांनी आवा उघडला. पाट्या कोळशासारख्या काळ्या, खणखणीत. पेटीने मोजलं आणि सही केली: नत्र बसतंय, खत होतंय. कारखानीसांनी माझ्या टेबलाशी बसून दुरुस्ती लिहिली, कृती, तूस, रंग, कोंडायची वेळ, मूळ आव्याचं नाव दत्ताराम गुडेकर. शेवटी ते वाक्य. न अडखळता लिहिलं, सही केली आणि उठून माझ्यापुढे हात जोडले. “सुटलो,” म्हणाले.

सात केंद्रांनी पहिल्यापासून सुरुवात केली. निकाल लागेपर्यंत अर्जाला गाठ बसत नाही, म्हणून त्या तीन आठवड्यांत वाक्य बदलायची मुभा होती. ‘सहीनिशी खोटं’च्या जागी ‘गैरसमजाने’ एवढं केलं असतं तरी कलम लागलं नसतं. माझा एक फोन पुरे होता. कारखानीस दर रविवारी आबांना फोन करायचे. कुंभारकामाचं काय काय विचारायचे, आबा तासभर बोलत बसायचे. नऊ वर्षांत आबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. एकदा आबांनी फोन माझ्यापुढे धरला. “बोल गो, तुझे सर.” मी नकारार्थी मान हलवली आणि भांडी घासत बसले.

पहिला ‘होय’ केनियातून आला. मग पेरू, मग पोर्तुगाल. चौथा व्हिएतनाममधून, सकाळी सव्वादहाला. दावा पक्का झाला. दुपारपर्यंत तेरा देशांत परवाने आपोआप सुटले. गॅसवाल्या देशांच्या मंत्र्यांची तोंडं पडद्यावर बघण्यासारखी झाली होती. ज्या नळावर त्यांनी पन्नास वर्षं जग नाचवलं तो आता नुसता नळ उरला. माणसं आपापल्या गावच्या कुंभारांना शोधत निघाली.

आणि सव्वादहा वाजून काही सेकंदांनी कारखानीसांची सही मेली. संस्थेच्या फाटकावर त्यांचं ओळखपत्र लागेना. समित्यांच्या यादीतून नाव गेलं, पदकांपुढे ‘तपासणीत’ असं आलं, तीस वर्षांचे निबंध लाल झाले. मी एकेक नोंद उघडून वाचली. आनंद झाला मला. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या फोनवर एका मुलीचा फोन आला. आबांनीच उचलला आणि आवाज मोठा करून ठेवला, त्यांना कमी ऐकू येतं.

“मी स्मिता तांडेल बोलतेय, हर्णैची. कारखानीस सरांची विद्यार्थिनी. दर्शनाताई आहेत का?” मी पुढे होऊन ‘बोल’ म्हटलं. “ताई, आम्हा तेवीस जणांच्या पदव्या गेल्या. सरांची सही होती ना खाली. माझी नोकरी काल दुपारी बंद झाली. मी माझं काम स्वतः केलंय, ताई, एकही आकडा खोटा नाही. सर म्हणाले, त्यांना हे कलम माहीत नव्हतं. तुम्ही केंद्र चालवता म्हणून विचारते, कुणाकडे अर्ज करायचा?”

तेवीस. कलमात लिहिलं होतं, ‘जे जे उभं आहे ते ते’. मी ते शंभरदा वाचलं होतं आणि शंभरही वेळा मला एकच माणूस दिसला होता.

“पुन्हा तपासणी होईल,” मी म्हटलं. “वर्ष, दोन वर्षं लागतील. आकडे खरे असतील तर परत मिळेल. अर्ज कुणाकडे नाही करता येत.”

ती रडली नाही. “बरं, ताई,” म्हणाली आणि फोन ठेवला. मीही नऊ वर्षांपूर्वी असंच ‘बरं’ म्हणाले होते.

आबा चुलीपाशी बसून ऐकत होते. “कसला कलम?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं. ते वाक्य का लिहून घेतलं तेही.

“तुला आधी म्हायत व्हता?”

“होय.”

“गाऱ्हाणा घातला तेव्हा?”

“होय.”

“त्यो माझ्याबरोबर जेवला तेव्हा?”

“होय, आबा. होय! त्याने तुम्हाला दारात उभं केलं होतं. त्याने माझं आयुष्य खाल्लं. तुम्ही विसरलात, मी नाही विसरले.”

आबांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, “त्या जाळ्यात माझा नाव हाय ना?”

“आहे. पहिला आवा, दत्ताराम गुडेकर. आता जगभर सगळे त्याला गुडेकरी आवाच म्हणतात.”

“काढ.”

“आबा...”

“माझा नाव काढ तिथून. माझ्या आव्यावर माणूस माफी मागायला आला नि तिथंच त्याचा गळा कापला. असल्या आव्याला माझा नाव नको.”

“काढता येत नाही, आबा. तिथलं काहीच पुसता येत नाही.”

“मग सांग कुणाला तरी. मोठ्या सायबाला सांग.”

“तिथे साहेब नाही. कुणीच नाही तिथे.”

आबा उठले, खुंटीवरचा धुतलेला सदरा काढला, घातला, बटणं लावायला लागले.

“कुठे निघालात?”

“पुण्याक. त्याचा पत्ता दे.”

“तुम्ही? त्याच्या दारात? त्याला माफी मागायला नऊ वर्षं लागली, आबा! आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी निघालात?”

“त्यानं मागितलान पण,” आबा म्हणाले. “तू मागशील तां मला दिसत नाय. म्हणून मी जातंय.”

मी पत्ता कागदावर लिहून दिला. राजारामने त्यांना दुचाकीवरून एस.टी. स्टँडवर सोडलं. मी ओसरीतच उभी होते. राजारामने विचारलं, “तू नाय येत?” मी नाही म्हटलं.

गाडी साडेअकराची होती, आणि स्टँड आमच्या घरापासून जेमतेम पंधरा मिनिटांवर. मी साडेअकरा वाजेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग आत गेले.